तिच्यासाठी वेगळा नाच बसवू नका

वाचकाचं पत्र:

ताई, मी कथकचा वर्ग चालवते. तीन महिन्यांपूर्वी १४ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे यायला लागली. तिला जन्मापासून स्पायना बिफिडा, म्हणजे मणक्याचा दोष, आहे आणि ती व्हीलचेअर वापरते. प्रवेश देताना मी फार विचार केला नाही, पोरीला आवड आहे तर येऊ दे म्हटलं. तिची पढंत, म्हणजे बोल तालात म्हणणं, ऐकत राहावी अशी आहे, लयीला ती पक्की आहे. आता वार्षिक कार्यक्रम आलाय. काही पालकांचं म्हणणं, ती समूहनृत्यात असली तर दर्जा घसरेल, बाकीच्या मुलींवर अन्याय होईल. त्यापेक्षा शेवटी तिला एकटीला पाच मिनिटं द्या, एखादं हळवं गाणं लावा, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. रंगमंचाला पायऱ्या आहेत, पण चार जण तिला खुर्चीसकट उचलून वर नेतील असंही ठरत आलंय. मला हे पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. आणि मनात एक भीती आहे: जिच्या पायांत ताकद नाही तिला ‘कथक शिकवते’ म्हणणं ही तिची फसवणूक तर नाही ना?
– एक नृत्यशिक्षिका

उत्तर:

नमस्कार. तुमच्या पत्रात पालक बोलतात, तुम्ही बोलता, उचलून नेणारे चार जणही तयार आहेत. ती मुलगी मात्र कुठेच बोलत नाही. तिला कोणाबरोबर नाचायचंय, काय नाचायचंय, मुळात रंगमंचावर जायचंय का, हे तिला कोणी विचारलेलं दिसत नाही. १४ वर्षांच्या मुलीला स्वतःचं मत असतं. पुढच्या तासाला आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगा आणि तिच्याशी बोला. कदाचित ती म्हणेल, मला यंदा कार्यक्रमात नको, फक्त शिकायचंय. कदाचित एकटीचंच नृत्य हवं म्हणेल, पण ते हळवं गाणं नको, तीनतालातले तोडे, म्हणजे बोलांवर बसवलेले छोटे नृत्यतुकडे, हवेत. दोन्ही उत्तरं मानायला हवीत. मी पुढचं लिहितेय ते ती ‘मला सगळ्यांबरोबर नाचायचंय’ म्हणेल असं धरून.

आता तुमच्या भीतीकडे येते, कारण पालकांना उत्तर देण्याआधी तुमची स्वतःची खात्री व्हायला हवी. कथकमध्ये पदन्यासाचं स्थान मोठं आहे, यात वाद नाही. पण तत्कारात, म्हणजे पायांनी बोल वाजवण्यात, आपण नेमकं काय शिकवतो ते जरा सुटं करून बघा. मात्रा ठेक्यावर अचूक पडणं, वजन कुठे द्यायचं आणि कुठे काढून घ्यायचं ते कळणं, दुगुण-चौगुणीत (दुप्पट-चौपट लयीत) बोल स्वच्छ राहणं, तिहाई (तीनदा घेतलेला तुकडा) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. यातलं काय हातांनी होणार नाही? ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ हे उजव्या-डाव्या तळव्यांनी लाकडी फळीवर वाजवता येतं. ते नीट वाजायला पायांइतकाच रियाज लागतो. ‘आ’ला डावा पुन्हा येतो तिथे नवख्या मुली पायांनी जशा चुकतात तशीच ती हातांनी चुकेल, आणि तुम्ही तिला तशीच थांबवून परत करायला लावाल. पढंत तर तिची आहेच. त्यापुढे हस्तक म्हणजे हातांच्या हालचाली आहेत, नजर आहे, मानेचं काम आहे, गतभाव म्हणजे हावभावांतून गोष्ट सांगणं आहे, अभिनयाचं अख्खं दालन आहे. तुम्ही तिला कथकच शिकवताय. तत्कार सुरू झाला की तिला कडेला बसवून नुसती टाळी धरायला सांगत असाल, तर मात्र फसवणूक होईल.

फळीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती माहीत नसली तर इजा होते. स्पायना बिफिडा असलेल्या पुष्कळ लोकांना कमरेखाली स्पर्श, वेदना नीट जाणवत नाहीत. मांडीवर फळी ठेवून तासभर वाजवलं तर खालची कातडी सोलवटली तरी तिला कळणार नाही, आणि असे व्रण भरायला फार वेळ लागतो. फळीखाली जाड फोम हवा. शक्य असेल तर फळी खुर्चीच्या हातांवरच टेकवा, मांडीवर भार नको. घुंगरांचंही तेच. इतर मुलींसारखे तिच्या घोट्यावर आवळून बांधले की दिसायला छान दिसतं, पण तिथे पट्टा रुतलेला तिला समजत नाही. मनगटाला थोडे, हलके घुंगरू बांधून बघा, किंवा फळीलाच लावा. काय बरं वाटतं ते तिला ठरवू द्या. आणखी एक: या अवस्थेत लॅटेक्सची ॲलर्जी बरीच आढळते. तुम्ही सरावाला रबरी पट्टे वापरत असाल किंवा कार्यक्रमाला फुगे लावणार असाल, तर आधी घरच्यांना विचारा.

आता खुर्चीकडे बघू. तुम्ही आत्तापर्यंत बहुधा असं धरून चाललात की ती बसलेली आहे, म्हणजे तिचं नृत्य कमरेपासून वर. पण खुर्ची चालते, वळते, गिरकी घेते. एक चाक पुढे आणि दुसरं मागे ढकललं की ती जागच्या जागी फिरते, आणि चक्करला नजर एका बिंदूवर धरायची तुमची जी शिकवण आहे ती तिला जशीच्या तशी लागू पडते. गतनिकास, म्हणजे डौलदार चाल, तर तिला उभ्या मुलींपेक्षा वेगळीच देखणी साधेल, कारण पाऊल न उचलता सरकत येणं हे पायांना जमत नाही.

अडचण हातांची आहे. खुर्ची ढकलायलाही हात लागतात आणि हस्तकांनाही. इथे तुम्हाला बसवायला बसावं लागेल, शब्दशः तिच्याशेजारी. एक जोरकस ढकल दिली की गुळगुळीत जमिनीवर खुर्ची काही मात्रा आपोआप सरकते. तेवढ्या मात्रांत हात मोकळे. कुठल्या मात्रेवर ढकल, कुठे हस्तक, हे तोड्यातच बसवून टाका, म्हणजे ढकलसुद्धा नृत्याचा भाग होते, घाईत उरकायचं काम राहत नाही. समेवर थांबायचं असेल तर तिला किंचित आधी चाकं धरावी लागतील, कारण खुर्ची पावलासारखी एका ठोक्यात थांबत नाही. पुढची दोन लहान चाकं दिशा उलटली की गर्रकन फिरतात आणि खुर्चीला बाजूला हलका हिसका बसतो. मागे जाऊन लगेच पुढे यायचं असेल तिथे हा हिसका धरूनच जागा आखा. दोन्ही हात उंच नेल्यावर तिचा तोल जातो का, हे तिलाच विचारा. जात असेल तर एक हात चाकावर ठेवून दुसऱ्यानं हस्तक. आणि सरावाआधी खांदे चांगले मोकळे करून घ्या. तिचे खांदे दिवसभर पायांचं काम करत असतात, त्यांच्यावर दुप्पट ताण येतो.

खुर्चीला हात लावण्याआधी विचारायचं, हा नियम वर्गातल्या सगळ्या मुलींना पहिल्या दिवशीच सांगा. मागून येऊन मदत म्हणून ढकलणं हे कोणी आपल्याला दंडाला धरून चालवण्यासारखंच आहे. काही ठिकाणी इतर मुलींना उसन्या व्हीलचेअरवर बसवून ‘अनुभव’ देतात. ते करू नका. दहा मिनिटं बसून त्यांना फक्त अवघडलेपण कळतं, आणि ती मुलगी रोज किती सफाईनं वावरते ते कळतच नाही. त्यापेक्षा सगळ्यांना बैठकीतला एक तोडा द्या आणि तोच तोडा आपापल्या शरीरात कसा बसतो ते शोधायला सांगा.

पालकांचा दर्जाचा मुद्दा मला हसण्यावारी न्यायचा नाही. दर्जाची काळजी रास्त आहे. पण तो घसरतो कशानं? तिला मध्यभागी स्थिर बसवून बाकीच्या मुलींना तिच्याभोवती फेर धरायला लावलात तर घसरेल. तिला मागच्या रांगेच्या टोकाला ठेवलंत तर घसरेल. आधी सगळा नाच उभ्या मुलींसाठी बसवून शेवटच्या आठवड्यात तिला कुठेतरी घुसवलंत तर नक्की घसरेल. पहिल्या दिवसापासून ती खोलीत आहे हे धरून नाच बसवा. मी तुमच्या जागी असते तर तत्काराची जुगलबंदी ठेवली असती: एकीकडे पाय, दुसरीकडे तळवे, सवाल-जवाब. लाकडावरच्या तळव्याचा नाद घुंगरांपेक्षा कोरडा, घट्ट असतो. तबलजींना आवडेल. मग काही आवर्तनं सगळ्याच मुली बैठकीत, आणि ती एकटी त्यांच्यामधून वळणं घेत जातेय. उभी मुलगी आणि बसलेली मुलगी यांची नजर कुठे मिळते, हेही बघा. उभी मुलगी नुसती खाली वाकून बघत राहिली तर तिच्यात दयेचा भाव येतो, तुमची इच्छा नसली तरी. गुडघ्यावर बसून, बाजूनं, खांद्यावरून, किती तरी तऱ्हा आहेत.

आणि तिच्या चुका काढा. हे मी मुद्दाम सांगतेय. अशा मुलांना वर्गात सगळ्यात जास्त कशाची कमतरता असेल तर ती कडक शिकवणीची. काहीही केलं की ‘वा! किती छान!’ म्हणतात, आणि तिला आतून कळत असतं की सम चुकली होती. तुम्हीच लिहिलंय, ती लयीला पक्की आहे. मग तिला अर्ध्या मात्रेची चूकही दाखवा. इतर मुलींना ओरडता तेवढंच तिलाही ओरडा. पालकांना सांगा: जिचा तोडा स्वच्छ बसेल ती समूहात, जिचा नाही ती नाही, आणि हा नियम सगळ्यांना सारखा. त्यांच्या ‘अन्याया’ला यापेक्षा वेगळं उत्तर लागत नाही.

कोणी विचारलं की असं कुठे होतं का, तर सांगायला भरपूर आहे. लंडनमध्ये १९९१ साली सेलेस्ट डँडेकर आणि ॲडम बेंजामिन यांनी कँडोको ही नृत्यसंस्था काढली, अपंग आणि अपंग नसलेल्या व्यावसायिक नर्तकांची एकत्र. डँडेकर स्वतः आधी नामांकित संस्थेत नाचत होत्या. १९७३ साली प्रयोगातच पडून त्यांच्या मणक्याला इजा झाली आणि त्या व्हीलचेअर वापरू लागल्या. कॅलिफोर्नियात ॲक्सिस डान्स कंपनी १९८७ पासून आहे. स्कॉटलंडच्या क्लेअर कनिंगहॅम कुबड्यांवर नाचतात. कुबडी लपवायची वस्तू न मानता तिच्यावर तोल, झोका, वजन यांचं स्वतंत्र तंत्र त्यांनी बसवलंय. ॲलिस शेपर्ड आधी प्राध्यापक होत्या. त्यांनी आणि लॉरेल लॉसन यांनी ‘डिसेंट’ या नृत्यात अख्खा रंगमंचच रॅम्पचा केला, चढ-उतारांचा, आणि त्यावर चाकं पळवली. ज्या रॅम्पला लोक इमारतीच्या मागे नाइलाजानं केलेली सोय समजतात, तो तिथे नृत्याची जमीन झाला.

आपल्याकडे हा विषय निघाला की लगेच सुधा चंद्रन यांचं नाव येतं, आणि यायलाच हवं. १९८१च्या अपघातानंतर पाय गेला, आणि जयपूर फूट लावून १९८४ साली त्या पुन्हा भरतनाट्यम करू लागल्या. त्यामागची मेहनत कल्पनेपलीकडची आहे. पण ही एकच गोष्ट परत परत सांगितली गेल्यामुळे लोकांच्या मनात एक अट तयार झालीय: अपंग नर्तिकेनं असं नाचावं की अपंगत्व दिसूच नये, तर ती खरी. तुमच्या विद्यार्थिनीला ही अट पुरी करता येणार नाही, आणि करायची गरजही नाही. तिची चाकं दिसणारच. ती दिसू देत. प्रत्येक शरीराला आपला मार्ग असतो, आणि कृत्रिम पाय लावून चालण्याचा मार्ग त्यातला एक.

दुसऱ्या टोकाचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. क्यूबाच्या थोर बॅले नर्तिका अलिसिया अलोन्सो यांची दृष्टी ऐन विशीत अधू झाली आणि पुढे जवळजवळ गेलीच. तरीही त्या कित्येक दशकं मुख्य भूमिका करत राहिल्या. रंगमंचावर ठरावीक जागी तीव्र, रंगीत दिवे असत, त्यांच्या आधारे त्या दिशा ओळखत. जोडीदार ठरलेल्या जागी काटेकोर उभा राहत असे. प्रेक्षकांना यातलं काही जाणवत नसे. सोय अशीही असू शकते, नाचाच्या आखणीतच विरघळलेली. उद्या तुमच्याकडे अंध मुलगी आली तर तुम्हाला ‘असं करा’ म्हणून दाखवण्याऐवजी हालचाल शब्दांत सांगावी लागेल. कर्णबधिर मुलगी आली तर लाकडी जमिनीतून येणारी थरथर आणि विंगेतला इशाऱ्याचा दिवा कामाला येईल.

आता त्या चार जणांबद्दल. खुर्चीसकट उचलून नेणं टाळा. पायऱ्यांवर चौघांची पावलं एकसारखी पडत नाहीत, कुणाचा तरी हात सुटला तर मुलगी डोक्यावर पडते. आणि साडी नेसून, मेकअप करून, सगळ्यांदेखत सामानासारखं वर चढवलं गेल्यावर पुढच्या मिनिटाला समेवर डोळे रोखून उभं राहायचं, हे कोणत्या कलाकाराला जमेल? रॅम्प हवा. त्याचा हिशोब सोपा आहे: उंचीच्या किमान १२ पट लांबी. रंगमंच ९० सेंमी उंच असेल तर जवळजवळ ११ मीटर लांब रॅम्प लागतो. म्हणूनच मांडववाले ऐन वेळी टाकतात ती दोन फळ्यांची घसरगुंडी चालत नाही. ११ मीटरला जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा घेऊन वळवा, किंवा उचलयंत्र भाड्यानं मिळतं का बघा. तेही नसेल तर सरळ सभागृह बदला, किंवा रंगमंच सोडून सगळा कार्यक्रम खालच्या सपाट जागेत करा आणि प्रेक्षकांना तीन बाजूंनी बसवा. कथक समोरून बघण्यापेक्षा जवळून बघितलं की अधिक खुलतं, असं माझं मत आहे.

सभागृह बघायला जाल तेव्हा तिला बरोबर न्या आणि प्रेक्षकांच्या दारानं नाही, कलाकारांच्या दारानं आत जा. हा फरक फार बोलका आहे. बऱ्याच सभागृहांत प्रेक्षागृहात व्हीलचेअरची जागा ठेवलेली असते, पण ग्रीन रूमला दोन पायऱ्या, विंगेत जाणारं दार अरुंद, आणि कलाकारांच्या स्वच्छतागृहात खुर्ची वळतच नाही. म्हणजे बांधणाऱ्यानं अपंग माणूस प्रेक्षक म्हणून कल्पिला होता, कलाकार म्हणून नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क कराराच्या ३०व्या कलमात उलटं लिहिलंय: अपंग व्यक्तींना आपली कलाशक्ती वाढवायची आणि वापरायची संधी मिळावी, तीही फक्त त्यांच्या भल्यासाठी नाही, समाज समृद्ध व्हावा म्हणूनसुद्धा. दाराची रुंदी साधारण ९० सेंमी, वळायला दीड मीटरची मोकळी जागा, एवढं मोजपट्टीनं मोजून घ्या. रंगमंचावरच्या वायरी चिकटपट्टीनं दाबून टाका, गालिचा काढा, आणि पुढच्या कडेपासून मीटरभर आत एक ठळक पट्टी चिकटवा. दिव्यांच्या झोतात कडा दिसत नाही. तालीम निदान एक तरी त्याच रंगमंचावर व्हायला हवी, कारण जमीन बदलली की खुर्चीचं सरकणं बदलतं आणि तुमचा मात्रांचा सगळा हिशोबही.

शेवटच्या हळव्या गाण्याला नाही म्हणा. पालकांचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. पण लोकांच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून एका मुलीला मंचावर बसवणं हे तिच्या नृत्यासाठी नसतं, बघणाऱ्यांच्या समाधानासाठी असतं. प्रेक्षक उठून टाळ्या वाजवतात, आणि घरी जाऊन तिनं काय नाचलं ते एकालाही आठवत नाही.

निवेदकालाही आधीच लिहून द्या, नाहीतर ऐन वेळी ‘नियतीवर मात’, ‘जिद्दीला सलाम’ सुरू होतं. नाच सुरू होण्यापूर्वी सगळ्या मुलींची नावं ज्या क्रमानं वाचली जातील त्याच क्रमात तिचं नाव, पुढे-मागे काही नाही. पढंत तीच करणार असेल तर ‘पढंत’ म्हणून दुसऱ्यांदा नाव. निमंत्रणावर एक ओळ टाका: सभागृहात रॅम्प आहे, व्हीलचेअरसाठी जागा आहे, अन्य काही सोय हवी असल्यास या क्रमांकावर कळवा. तिच्यासारखी आणखी कोणी त्या दिवशी प्रेक्षकांत असली, तर पुढच्या सत्रात तुमच्या वर्गात प्रवेश मागायला येईल. तेव्हा वर्गाच्या दाराशी एखादा उंबरा असेल, तर आत्ताच काढून घ्या.